‘अपवित्र करणे’ म्हणजे पावित्र्य काढून घेणे नव्हे

नौपाड्याहून:
युरोपातील जुन्या चर्चवास्तूंविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना मी ‘डीकॉन्सिक्रेट’ (चर्चची वास्तू रीतसर उपासनेच्या वापरातून बाहेर काढणे) या शब्दापाशी अडलो आहे. मित्रांनी ‘अपवित्र करणे’ सुचवले, पण मास्ट्रिख्टच्या ज्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तके विकली जातात, त्याला ‘अपवित्र केलेले’ म्हटले तर कुणीतरी तेथे विटंबना केली, असा वाचकाचा समज होईल. आवाहन केलेल्या देवतेला सन्मानाने निरोप देण्याच्या विधीला आपल्याकडे ‘उद्वासन’ म्हणतात. माझ्या मते तोच शब्द घ्यावा.

वाशीहून:
‘उद्वासन’ पोथीबाहेर कोण वापरतो? गणपतीची उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली की देवत्व गेले असे आपण मानतो आणि तलावातले किंवा पालिकेच्या कृत्रिम हौदातले विसर्जन त्यानंतर होते. तेव्हा ‘उत्तरपूजा’ हा शब्द सर्वांना कळेल. (हलवलेल्या मूर्तीला चुकून पाय लागला तरी आजी आम्हाला नमस्कार करायला लावत असे, तिला ते देवत्व पुरते गेलेले कधी वाटलेच नाही.)

कोपरीहून:
दोन्ही शब्द मला अमान्य आहेत. गणपती पाहुणा म्हणून येतो आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणून आपण त्याला निरोप देतो. चर्चमध्ये मात्र वास्तूच ईश्वराला अर्पण केलेली असते. कॅथलिक धर्मसंहितेच्या (१९८३) १२२२व्या कलमानुसार, चर्च उपासनेसाठी वापरता येण्याजोगे उरले नसेल, तर बिशप ते ‘लौकिक, पण हीन नव्हे’ अशा वापरासाठी देऊ शकतो. तेथे निर्णय महत्त्वाचा आहे, पूजा नव्हे. म्हणून ‘पवित्र दर्जा काढून घेणे’ असे सरळ लिहावे.

नौपाड्याहून:
पाहुण्याचा मुद्दा मान्य आहे, ‘उद्वासन’ मी मागे घेतो. परंतु ‘दर्जा काढून घेणे’ यात शिक्षेचा वास येतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाची मशीद १९३४ साली तुर्कस्तानच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने संग्रहालय झाली, तेथे तो शब्दप्रयोग शोभेल, कारण निर्णय सरकारचा होता. बिशपच्या बाबतीत ‘लौकिक वापरासाठी मोकळे करणे’ मला अधिक योग्य वाटते.

वाशीहून:
चालेल, मात्र ‘लौकिक वापरासाठी’ हे शब्द गाळू नका. नुसते ‘चर्च मोकळे केले’ म्हटले तर भाडेकरू निघून गेल्यासारखे वाटेल.