मदत हवी आहे: ‘वर्षात किती दिवस काम केलं?’ हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांच्या कामाच्या दिवसांवर प्रबंध करते आहे. प्रश्नावली एका गावात तपासून पाहिली. बाकीचं ठीक चाललं, अडला तो नेमका मुख्य प्रश्न: ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही शेतात एकूण किती दिवस काम केले?’

उत्तरं सगळी मोघम. ‘असतील शंभर’, ‘धरा दीडशे’. एका मावशींना विचारलं, हा आकडा कसा काढलात? म्हणाल्या, ‘खुरपणीचा महिना, मग दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी. मधले खाडे कोण मोजतंय?’ घरच्या शेतातले दिवस तर त्यांनी धरलेच नव्हते. शिवाय सासूबाई शेजारी असल्या की उत्तर त्याच देऊन टाकतात.

‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारलं तर आठवण पक्की राहील. पण ऐन वेचणीत गेले तर वर्षाचा आकडा फुगणार, आणि चैत्रात गेले तर सगळ्या रिकाम्या दिसणार. म्हणून एकाच बाईला दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारून ताळा घ्यावा का? एवढं राबणाऱ्या बायकांचे दिवस माझ्या तक्त्यात हरवू नयेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद:

ताई, दोन्ही लागोपाठ नका विचारू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण या सरकारच्या देशभरातल्या घरोघरच्या पाहणीच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) खाण्यावरचा खर्च ७ आणि ३० दिवस अशा दोन मुदतींसाठी त्याच घराला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला होता. लोकांनी एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून घेतलं असणार, असा आक्षेप आला. गरिबीचा आकडा याच खर्चावरून काढत असल्यामुळे १९९३-९४च्या गरिबीशी तुलना करण्यावरून मोठा वाद झाला. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायकांना एक प्रश्न विचारा, निम्म्यांना दुसरा.

त्या मावशींनीच तुम्हाला वाट दाखवली आहे. वर्ष त्यांच्यासारखंच कामांत फोडा: पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी, वेचणी, ज्वारी-हरभरा. प्रत्येक कामाचे मजुरीचे दिवस वेगळे, घरच्या शेतातले वेगळे आणि खाडेही वेगळे विचारा. मात्र असं फोडलं की बेरीज वाढते, त्यामुळे जुन्या प्रश्नाचे फॉर्म यात मिसळू नका. आणि ‘हा आकडा कसा काढलात?’ हे प्रश्नावली पक्की होईपर्यंत प्रत्येकीला विचारत राहा.

सासूबाईंसाठी सोबत एक मैत्रीण न्या. तिनं ओसरीवर त्यांना जनावरांचे, घरच्या पिकांचे प्रश्न विचारावेत. तेवढ्या वेळात सुनेशी तुमचं निवांत बोलणं होईल.