सुट्टीवरून परत कामावर जाताना एवढं का दमायला होतं?

खिडकीवाली:
घरी जाताना प्रवास कसा सरतो कळतपण नाही, पण परत निघाले की तीच फ्लाईट संपता संपत नाही, मधला लांबलचक हॉल्ट, पाय सुजलेले, आणि पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिस. रात्री टक्क जागी, मीटिंगमध्ये पेंगत. यावेळी पूर्वेकडे जायचंय. काय करता तुम्ही?

निशाचर:
पूर्वेकडे जड जातंच, तिकडे नेहमीपेक्षा लवकर झोपावं लागतं. आपलं आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून जरा लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही. सावरायला साधारण एका टाइमझोनला एक दिवस धर. आणि सगळे सांगतात ना सकाळी उन्हात फिर, तर ८-९ तासांचा फरक असेल तर सुरुवातीला पहाटेचा उजेड टाळ, शरीराच्या हिशोबाने तेव्हा रात्र सुरू होत असते, घड्याळ उलटं सरकतं. दुपारी बाहेर पड.

आयलसीट:
पायांचं हलक्यात नको घेऊ. ४ तासांच्या वर बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून घोटे हलव, मधूनमधून उठ. एकाच पायाला सूज आणि दुखत असेल तर सरळ डॉक्टर! डोकं जड व्हायला केबिनची कोरडी हवापण असते, आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, पाणी पीत राहा.

निशाचर:
जमलं तर एक दिवस आधी पोच.

खिडकीवाली:
ते आईला तूच सांग :)