सोलापूरच्या शाळांतील नवे वर्ष: मुलांबरोबर पालकांचेही स्वागत

प्रेषक: शिक्षण समिती
विषय: जूनमधील शाळाप्रवेश आणि मंडळाची मदत

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे सोलापूर शहरातील काही प्राथमिक शाळांना येत्या जूनमध्ये परदेशातील आपल्या मराठी मंडळाकडून मदत पाठवायची आहे. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला दप्तर, पाण्याची बाटली आणि कंपासपेटी द्यावी, दप्तरावर मंडळाचे नाव असावे आणि १५ जूनच्या सुमारास होणाऱ्या प्रवेशोत्सवात त्यांचे वाटप करावे, अशी पहिली सूचना आली आहे.

याखेरीज आणखी एक विचार पुढे आला. इथे आपल्या मुलांच्या शाळेत ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी कुटुंबांना बोलावले जाते. मूल आपला वर्ग आणि आपली जागा पाहून घेते, शिक्षिका पालकांशी निवांत बोलतात आणि डबा, बस, आजारपण अशा बारीकसारीक शंकांची उत्तरे मिळतात. परक्या देशात मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडताना आपल्यापैकी अनेकांना त्या संध्याकाळीने मोठा धीर दिला होता. असे काही सोलापुरात करता येईल का, आणि ते दप्तरांबरोबर करावे की दप्तरांऐवजी, याविषयी आपल्या सोलापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सविस्तर लिहावे, अशी त्यांना नम्र विनंती आहे.

समितीच्या वतीने,
कार्यवाह

---

प्रेषक: निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर
विषय: उत्तर: जूनमधील शाळाप्रवेश आणि मंडळाची मदत

सप्रेम नमस्कार.

समितीचे पत्र वाचून फार समाधान वाटले. माझे मत सुरुवातीलाच सांगते: दप्तरांऐवजी पालकांच्या स्वागतावर खर्च करावा, आणि ते स्वागत पालकांना सवड असेल त्या वेळी व त्यांना कळेल त्या भाषेत व्हावे.

पहिली ते आठवीच्या मुलांना महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, गणवेश मिळतो आणि दुपारचे जेवणही शाळेतच मिळते. दप्तराची गरज काही घरांत असतेच, परंतु जूनमध्ये वह्या आणि दप्तरे वाटणारे दाते शहरातही पुष्कळ आहेत, त्यामुळे एकाच मुलाच्या हाती दोन दप्तरे आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलाच्या हाती एकही नाही, असे होते. शिवाय वाटप म्हटले की पाहुणे आले, हार आले, भाषणे आली. सोलापूरचा जून कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस लांबला तर १५ तारखेलाही ऊन मे महिन्यासारखेच असते. सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या शाळेच्या पहिल्याच दिवशी पाहुण्यांची वाट पाहत पटांगणात बसवून ठेवणे मला कधीही पटलेले नाही.

प्रवेशोत्सवात मुलांना ओवाळतात, गुलाबाचे फूल देतात, काही शाळांत कुंकवाच्या पाण्यात पाऊल बुडवून कागदावर ठसा घेतात आणि त्या दिवशी जेवणात गोड असते. हे सारे जरूर व्हावे. मात्र त्या वेळी मुलाची आई बहुतेक वेळा फाटकाबाहेर उभी असते किंवा आलेलीच नसते, आणि ती का येत नाही याचा विचार करणारी माणसे फार थोडी आहेत.

पूर्व भागातल्या कितीतरी माउल्या विडी कामगार आहेत. घरी वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, त्या तपासून घ्यायच्या, पान-तंबाखू घ्यायचे आणि परतायचे, यात त्यांची सकाळ जाते. रांग मोडून निघाले तर त्या दिवसाच्या कामावर परिणाम होतो. वडील यंत्रमागावर किंवा चादर-टॉवेलच्या कारखान्यात पाळीने असतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि तो लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु त्यामुळे मुलाला शाळेत सोडण्याची वेळ आणि आईची कारखान्याची वेळ काही घरांत एकमेकींवर येते. पालकसभा सकाळी दहा-अकराला ठेवायची आणि मग "पालकांना आस्था नाही" असा शेरा मारायचा, हे अन्यायाचे आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर किंवा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बोलावले, तर हीच माणसे पोराला कडेवर घेऊन येतात आणि शेवटपर्यंत बसतात.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या शहरात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू या चारही माध्यमांच्या प्राथमिक शाळा आहेत, हे आपले भूषण आहे. तरीही घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी अनेक मुले मराठी शाळेत येतात. पहिल्या आठवड्यात असे मूल गप्प बसते, तेव्हा ते मंद नसते. बाई काय म्हणतात ते त्याला अजून कळत नसते. त्याच्या आईला सूचनांचा मराठी कागद दिला तर ती तो घडी घालून कमरेला खोचते आणि घरी कोणी वाचून दाखवील याची वाट पाहते. तोच मजकूर तिच्या भाषेत तोंडी सांगितला, तर ती लगेच प्रश्न विचारू लागते.

आता त्यांना सांगायचे काय, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण खरे काम तिथेच आहे. आपल्या राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळा पूर्वतयारी मेळावे होतात. एक मेळावा उन्हाळी सुट्टीच्या आधी आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना होतो. मूल एकेका टेबलावर जाते: उड्या मारते, वस्तूंचे गट लावते, चित्र पाहून गोष्ट सांगते, वस्तू मोजते. त्यावरून त्याचे विकासपत्र भरले जाते आणि सुट्टीत घरी काय करून घ्यायचे ते आईला समजावून दिले जाते. वस्तीतल्या मातांचे गट करून त्यांनी आठवड्याला एकत्र बसावे, अशीही त्यात योजना आहे. ज्या शाळेत हे मनापासून होते, तिथला पहिलीचा वर्ग जूनमध्ये रडत नाही.

अशाच एका मेळाव्यात मोजणीच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग होता आणि मुलाला त्यातून पाच वेगळे काढायचे होते. आई मागे उभी राहून म्हणाली, "मला काय येतंय बाई, मी शाळेत गेलेच नाही." विड्यांचे कट्टे बांधताना नुसत्या नजरेने मोजणारी ती बाई! मी तिला खाली बसवले आणि तिच्यासमोर चिंचोके ठेवले. तिने बोटांच्या टोकांनी ते पाच-पाचच्या ओळींत इतक्या झरझर लावले की मूल तोंडाकडे बघत राहिले. घरी तंबाखूच्या सुपाशी मुलाला अजिबात बसवू नका, त्याला वेगळ्या ताटलीत चिंचोके द्या आणि काम आटोपल्यावर दहा मिनिटे असेच मोजून घ्या, एवढेच मी तिला सांगितले. तिने ते केले. असे बोलणे होण्यासाठी शिक्षिकेला प्रत्येक आईसाठी वेळ लागतो, आणि समारंभात नेमका तोच मिळत नाही.

पालकांची आणखी एक तक्रार दरवर्षी ठरलेली असते: "जून सरला, जुलै सरला, पोरं नुसती खेळतात, पाटीवर अक्षर नाही." पहिलीच्या सुरुवातीचे साधारण बारा आठवडे खेळातून तयारी करून घेण्यासाठी आहेत, एन.सी.ई.आर.टी. या केंद्रीय शिक्षणसंस्थेने २०२१ मध्ये त्यासाठी 'विद्याप्रवेश' हा कार्यक्रम दिला. ज्या मुलाला बालवाडी मिळालेली नाही, त्याच्या बोटांना, कानांना आणि तोंडाला या आठवड्यांची गरज असते. हे आधी सांगितले नाही, तर पालक घाबरून शिकवणी लावतात किंवा न परवडणाऱ्या शाळेकडे वळतात.

शिवाय कागदपत्रांचा धाक असतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही. ही शेवटची तरतूद हल्ली फार उपयोगी आहे. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांच्या वसाहतीचा प्रकल्प असून त्यातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरित झाली. शहरातून तिकडे राहायला गेलेल्या कुटुंबांची मुले शाळा बदलतात. नव्या जागी त्यांचे स्वागत कोणी तरी जाणीवपूर्वक करायला हवे, कारण तिथे त्यांना ओळखणारा शेजारही अजून नवाच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेही याच कायद्यात आहे. पहिल्या भेटीतच आईला हे सांगितले, तर ती समितीत केवळ सहीपुरती येणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की मंडळाने संध्याकाळच्या पालकभेटींचा खर्च उचलावा: चहा-नाश्ता, बसायला सतरंज्या, लहान भावंडांना सांभाळायला दोन माणसे, आणि तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या स्थानिक तरुणींना मानधन.

आपली,
बाई

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: जूनमधील शाळाप्रवेश आणि मंडळाची मदत

बाईंना सादर नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. माझे स्वतःचे बालपण अशोक चौकाजवळ गेले. घरी तेलुगू, शाळेत मराठी. माझ्या आईला शाळेतले कोणी तेलुगूत बोलले असते, तर ती शाळेला इतकी बिचकली नसती. म्हणून आपली सूचना मला मनापासून मान्य आहे.

परंतु एक शंका काही सभासदांनी माझ्याकडे बोलून दाखवली आहे आणि ती इथे मोकळेपणाने मांडणे बरे. आपले मंडळ मराठीसाठी आहे, रविवारची मराठी शाळाही त्यासाठीच चालते. मग मंडळाच्या निधीतून तेलुगू आणि कन्नडमधील संवादासाठी मानधन देणे सभासदांना पटेल का? शिवाय इथे बसून आम्ही पैशांखेरीज आणखी काय करू शकतो, हेही कळवावे.

आपला,
एक माजी सोलापूरकर

---

प्रेषक: निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर
विषय: उत्तर: उत्तर: जूनमधील शाळाप्रवेश आणि मंडळाची मदत

सप्रेम नमस्कार.

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तुमच्याच आठवणीत आहे. ज्या आईशी शाळा तिच्या भाषेत बोलते, ती आपले मूल मराठी शाळेत निर्धास्तपणे ठेवते, आणि ते मूल दिवाळीपर्यंत मराठी बोलू लागते. ज्या आईला पहिल्या दिवशीच परके वाटते, तिचे मूल आधी गैरहजर राहते आणि मग मराठी शाळेतून जाते. मराठी शाळांची पटसंख्या घटत असताना मराठी मंडळाने करण्यासारखे याहून मोठे काम मला तरी दिसत नाही.

पैशांखेरीज तुम्ही आवाज देऊ शकता. पालकांना पाठवायच्या सूचनांचा मजकूर मी मराठीत लिहून देते: शाळेची वेळ, डब्याचे काय, ताप आल्यावर काय करायचे, पहिले तीन महिने खेळ का असतात, रोज रात्री मुलाला "आज काय झालं?" एवढे विचारणे किती उपयोगाचे आहे. तो तुम्ही सोलापुरी तेलुगूत, कोणी कन्नडमध्ये, कोणी दखनीत, म्हणजे इकडच्या बोली उर्दूत, बोलून ध्वनिमुद्रित करावा. प्रत्येक संदेश दोन मिनिटांच्या आत असावा, कारण माउल्या तो विड्या वळताना ऐकतील. आंध्र किंवा तेलंगणातील पुस्तकी तेलुगू नको. अशोक चौकातली हवी. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड लावून कविता आणि धडे घरच्या मोबाइलवर पोहोचवले, आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. आपले काम त्यापुढे साधे आहे, परंतु वाट तीच आहे.

वर्गासाठी गोष्टींची पुस्तके द्यायची असतील, तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत खुल्या परवान्याची पुस्तके आहेत. ती छापून घेता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत घरी नेता आली, तर आई आणि मूल एकत्र वाचतील.

एक भर घालते. मंगळवेढा, सांगोला या भागांतील काही शाळांनाही यात घ्यावे. तिथली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. जूनमध्ये भेट झाली, तरच आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का, किंवा हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे वेळेत बोलता येते. ऑक्टोबरमध्ये हे बोलणे उशिराचे ठरते. त्यामुळे या शाळांत दसऱ्याआधी पालकांची दुसरी भेट ठेवावी आणि तिचा खर्च आत्ताच बाजूला काढावा.

मंडळाचे नाव कोठेही छापू नये, असे मला वाटते, परंतु तो निर्णय समितीचा आहे. मजकूर मी येत्या रविवारपर्यंत पाठवते. ध्वनिमुद्रण मेअखेरीस माझ्याकडे आले, तर शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना ऐकवून त्यांच्या दुरुस्त्या करून घेता येतील. तेलुगू, कन्नड आणि दखनीसाठी कोण तयार आहे, ते कृपया याच पत्राच्या उत्तरात कळवावे.

आपली,
बाई