मदत हवी आहे : ऊसतोडीहून परतलेल्या मुलांचा अभ्यास कसा भरून काढू?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. चौथी आणि पाचवी एकत्र माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत कारखान्यावर गेलेली नऊ मुलं आता पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परतली. गावात हंगामी वसतिगृह होतं, पण धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही म्हणून मुलींना नेतातच.

पाचवीतली एक मुलगी मोळ्यांचा हिशोब तोंडी बिनचूक करते. 'तीनशे सात' लिही म्हटलं की मात्र ३००७ लिहिते. वाचताना जोडाक्षराशी अडखळली की पुस्तक मिटून घेते. तिला दुसरीचं पुस्तक दिलं तर वर्गात हसू होतं आणि दुसऱ्या दिवशी ती येतच नाही. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण, दोन्ही आहे. प्रवेश होतो. प्रशिक्षण मी एकटी, शाळा सुटल्यावर तासभर घेते.

उन्हाळी सुट्टीपर्यंत जेमतेम महिना आहे. ज्यांनी अशी मुलं शिकवली आहेत त्यांनी कृपया सांगा : आधी वाचन पक्कं करू की गणितही सोबत घेऊ? मोठ्या मुलांना लाज वाटणार नाही असा सोपा मजकूर कुठला देता? आणि पुढच्या हंगामात ती फडावर असताना फोनवरून काही चालू ठेवणं कोणाला जमलंय का?