मदत हवी आहे: आजी आत्ता कुठंय, लेकीला काय सांगू?

सासूबाई जाऊन महिना झाला, परवा झोपताना लेक विचारते आजी वर गेली की अजून कबरीतच आहे? मी गप्पच. बायबलात लूक २३:४३ मध्ये येशू शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराला म्हणतो आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, आणि १ थेस्सलनीकाकर ४ या पत्रात प्रेषित पौल म्हणतो मेलेले झोपी गेलेत, शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की उठतील, मग मधल्या काळात काय? आमच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) म्हणाले आत्मा प्रभूजवळ, शरीर शेवटच्या दिवशी उठणार, १ करिंथ १५ मधला दाणा बघ, पेरतो एक अन् उगवतं वेगळंच. मला पटलं हो, पण सहा वर्षांच्या पोरीला? "झोपलीये" म्हटलं तर ती झोपायलाच घाबरेल, आधीच लाईट चालू लागतो. कुणी मुलांना समजावलंय का, नेमके काय शब्द वापरलेत?