मदत हवी आहे: संशोधन संस्थेत पगार कुठल्या खर्चात धरायचा?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या धोरण-संशोधन संस्थेचे हिशेब मी बघते. २०२४-२५ चा ताळेबंद करताना एका जागी गाडी अडली आहे.

परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो; परदेशी देणगी कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीआधी मर्यादा ५० टक्के होती. आमचा खर्च म्हणजे माणसंच! संशोधन संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचा आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचा पगार यातून वगळतात, एवढं ठाऊक आहे. पण आमची अहवाल संपादित करणारी मुलगी अर्धा वेळ आकडेवारीवरही बसते. टाइमशीट ठेवून तिचा पगार विभागला तर ऑडिटर मान्य करतात का? आमचे सीए म्हणतात, "सरळ प्रशासकीयमध्ये टाका." त्यांचं काय जातंय, मर्यादा आमची ओलांडते.

दुसरं, देशी अनुदानाचा हप्ता आला २८ मार्चला. करसवलतीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करायचा नियम, तीन दिवसांत काय उधळणार? पैसे पुढच्याच वर्षी खर्च होतील, मग पुढच्या वर्षीपर्यंत मुभा देणारा प्राप्तिकराचा फॉर्म ९ए बरा की पाच वर्षांची मुभा देणारा फॉर्म १०?

ट्रस्टचे हिशेब प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, प्लीज. तर्क माझ्याकडेही भरपूर आहेत.