कोळशाची वीज आणि घोडबंदरचा धूर

"वीज शेवटी कोळशाचीच, मग इलेक्ट्रिक गाडीने काय साधणार?" हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, गायमुखच्या चढावर बघा, गाड्या हलत नसतात तरी इंजिनं धडधडत असतात आणि धूर थेट शेजारच्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात जातो. इलेक्ट्रिक मोटर गाडीबरोबर थांबते.

खरी अडचण जुन्या सोसायट्यांची आहे. चार्जिंग पॉइंट मागितला की मीटर कुणाच्या नावावर, वायर कुठून न्यायची, यातच सभा संपते. तुमच्याकडे हे मार्गी लागलं असेल तर वायरिंगचा खर्च कसा वाटून घेतला, ते जरूर लिहा.